गिअरची वही कपाटातून बाहेर काढा : आमच्या विमान-मालक मंडळाला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, सचिव, कार्यकारिणी आणि मंडळाचे सगळे सभासद,

नमस्कार.

पत्र मंडळाला लिहितेय पण टाकतेय सगळ्यांसमोर, कारण मागच्या बैठकीत जे ठरलं ते आता मंडळाचं घरगुती प्रकरण राहिलेलं नाही. लँडिंग गिअरच्या, म्हणजे विमानाची चाकं आणि ती धरणारे पाय ह्यांच्या, भानगडींची आपली एक कॉमन वही होती, कुणाचा टायर फुटला, कुणाचं नोजव्हील, म्हणजे पुढचं चाक, थरथरलं, कुणाच्या पायाच्या वेल्डला चीर दिसली, सगळं त्यात लिहायचो. ती वही बंद करायची आणि ह्यापुढे "असे विषय सभासदांनी आपापसात फोनवर बोलावेत, लेखी काही ठेवू नये" असा ठराव हात वर करून पास झाला. विरोधात मोजकेच हात होते, त्यात एक माझा. मिनिट्समध्ये विरोधाचा उल्लेखच नाहीये, म्हणून तो इथे नोंदवते.

आधी माझा ह्यात काय संबंध ते सांगते, कारण बैठकीत मला दोनदा ऐकावं लागलं की वहिनी, तुम्ही ह्या टेक्निकल भांडणात कशाला पडता. भाऊ, मी पिथमपूरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्याच्या मेटलर्जी लॅबमध्ये रिटायर होईपर्यंत होते आणि माझं कामच तुटलेले पार्ट बघण्याचं होतं. स्टब अॅक्सल, लीफ स्प्रिंग, स्टीअरिंग आर्म, जे रस्त्यावर तुटलं ते टेबलावर यायचं आणि का तुटलं ते मला लिहून द्यायचं असायचं. आमचं दोन सीटचं किट विमान, म्हणजे सुटे भाग आणून घरी जोडायचं, ह्यांनी इंदूरला सुदामा नगरच्या घरी गॅरेजमध्ये बांधलं, त्या काळात आमची कार बाहेर रस्त्यावर उन्हापावसात उभी असायची, गल्लीतली पोरं येऊन विचारायची काका हे उडणार कधी. कागदावर सहमालक मी आहे. उडवतो मुलगा. तेव्हा संबंध आहे.

ह्या वर्षी उन्हाळ्यात आमच्या विमानाचा पुढचा पाय तुटला. लँडिंग चांगलं झालं होतं, मुलाने स्पीड जवळजवळ संपवला होता, धावपट्टीवरून बाहेर वळताना पाय वरच्या बेंडपाशी तुटला आणि विमान नाकावर बसलं. प्रॉपेलर जमिनीला लागला. चालू इंजिनात प्रॉप जमिनीला लागला की नुसतं प्रॉप बदलून भागत नाही, इंजिन उघडून बघावं लागतं, त्याचा खर्च किती ते इथल्या मालकांना वेगळं सांगायला नको. मुलाला खरचटलंसुद्धा नाही. डीजीसीएला, म्हणजे विमानांचे नियम बघणाऱ्या सरकारी खात्याला, आणि इन्शुरन्सला जे रीतसर कळवायचं ते सगळं कळवलं, त्याबद्दल कुणी शंका काढू नये.

तुटलेला पाय मी घरी आणून उन्हात नीट बघितला. तुटलेल्या तोंडाचा साधारण निम्मा भाग तपकिरी, गंज चढलेला, त्यावर एकात एक कमानीसारख्या रेघा, आणि उरलेला भाग करडा, खरखरीत, ताजा. हे ज्याने कधी पाहिलंय त्याला पुढे काही सांगावं लागत नाही. चीर त्या दिवशी पडलेली नाही, ती गसेटच्या, म्हणजे जोड बळकट करणाऱ्या पत्र्याच्या, वेल्डच्या कडेला सुरू झाली, प्रत्येक लँडिंगला थोडी थोडी आत सरकली, एक अख्खा पावसाळा तिच्यात पाणी शिरत राहिलं आणि मग उरलेल्या धातूला वजन झेपलं नाही. म्हणजे कुणीतरी फेअरिंग, म्हणजे पायावरचं आवरण, काढून चिरेत शिरणारा लाल रंग मारून डीपी टेस्ट केली असती तर ती महिनोन् महिने आधी दिसली असती. पण फेअरिंग काढून त्या जागी बघायचं हे कळणार कसं? मॅन्युअलमध्ये ती जागा लिहिलेली नाही. आणि त्या जागी बघायचं हे ज्यांना माहीत होतं ते होते की मंडळात!

हे मला नंतर हँगरमध्ये कळलं. आपल्याच एका सभासदाने, नाव घेणार नाही, भला माणूस आहे, मला बाजूला घेऊन सांगितलं की वहिनी, आमच्यातही तिथेच चीर होती, आम्ही वेल्ड करून घेतली, वहीत लिहायला गेलो तर वही कपाटात आणि कपाटाला कुलूप, विचारलं तर म्हणाले वही बंद करायचं चाललंय, सध्या काही लिहू नका. म्हणजे ठराव नंतर आला, कुलूप आधी लागलं. मी त्या माणसावर चिडलेली नाहीये. त्याने लिहायचा प्रयत्न केला. माझा प्रश्न ज्यांनी कुलूप लावलं त्यांना आहे, की एक चीर सापडलेली तुम्हाला माहीत होती, त्याच किटची अजून विमानं आपल्या पट्टीवर उभी आहेत हेही माहीत होतं, मग ते बाकीच्यांना का सांगितलं नाही.

बैठकीत जी कारणं दिली गेली ती एकेक घेते.

पहिलं कारण, आणि खरं कारण हेच आहे, रीसेल. वहीत नाव आलं की विमानाची किंमत पडते. पडत असेल. पण घेणाऱ्याला काय विकताय तुम्ही मग? चीर असलेला पाय पूर्ण किमतीत विकला तर तो नफा कुणाच्या मानेवर काढलाय ह्याचा विचार करा, बहुतेक वेळा घेणाराही आपल्याचपैकी कुणी असतो, मंडळाच्या बाहेर गिऱ्हाईक मिळतं किती? आणि उलट बाजूही बघा ना, ज्या विमानाच्या नोंदी पूर्ण आहेत, चीर सापडली, पाय बदलला, फोटो आहेत, तारीख आहे, ते विमान मी तरी जास्त विश्वासाने घेईन.

दुसरं, डीजीसीए सगळ्यांचीच विमानं जमिनीवर बसवेल. ह्यात गल्लत होतेय. अपघात आणि गंभीर घटना कळवणं हा कायदाच आहे, तिथे मंडळाला मत द्यायचा अधिकारच नाही, वही असो नसो. मी बोलतेय ते त्याच्या खालच्या थराबद्दल, जे कधी घटना म्हणून मोजलंच जात नाही. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, नोजव्हील थरथरणं, एका बाजूचा ब्रेक मऊ लागणं, बोल्ट काढला तर त्यावर घासल्याची रेघ, टायर आतल्या बाजूने जास्त झिजणं. हे कुठल्याही रिपोर्टात जात नाही आणि मोठ्या मोडतोडीच्या आधी दिसतं ते हेच.

तिसरं कारण मला सगळ्यात मजेशीर वाटलं. "प्रत्येकाचं विमान वेगळं, घरी बांधलेलं, एकाचा अनुभव दुसऱ्याला लागू पडत नाही." अहो, पंख तुम्ही रिव्हेट केलेत, पॅनल तुम्ही बनवलंत, रंग तुमच्या पसंतीचा, सगळं कबूल. पण तो पाय? तो किटमध्ये वेल्ड होऊन आलाय, एकाच जिगवर, म्हणजे वेल्ड करताना भाग पकडून ठेवणाऱ्या साच्यावर, बहुतेक एकाच वेल्डरच्या हातून. दोन विमानांत एकाच जागी एकाच बाजूला चीर आली तर ती बांधणाऱ्याच्या हाताची नाही, जिगची किंवा डिझाइनची आहे, आणि हे कळायला दोन नोंदी शेजारी शेजारी लागतात, एक नोंद कपाटात आणि एक माझ्या घरी असून काही कळत नाही. आणि जिथे विमानं खरंच वेगळी आहेत तिथे तर अजून लिहायला हवं, कारण मग फरक कशामुळे पडला ते दिसतं.

चौथं, ज्याने बांधलं त्याची बदनामी. आमचे हेच बांधणारे आहेत, ते माझ्या शेजारी बसून हे पत्र वाचतायत आणि त्यांची काही हरकत नाहीये.

आता एक जुनी गोष्ट. १ डिसेंबर १९७४ ला अमेरिकेत ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सची ५१४ नंबरची फ्लाइट, बोइंग ७२७, वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाकडे उतरताना व्हर्जिनियातल्या माउंट वेदर नावाच्या डोंगराला धडकली. विमानातले सगळे ९२ जण गेले. अॅप्रोचची परवानगी मिळाली म्हणजे किती खाली यायचं ह्याबद्दल कंट्रोलर आणि पायलट ह्यांच्या समजुतीत फरक होता. चौकशीत बाहेर आलं की साधारण सहा आठवडे आधी युनायटेड एअरलाइन्सचं एक विमान त्याच भागात तशाच गैरसमजातून डोंगराला लागता लागता वाचलं होतं. युनायटेडने आपल्या पायलटांना ते कळवलं. आपल्याच. बाकीच्या कंपन्यांपर्यंत ते पोचलंच नाही. कुणी वाईट हेतूने लपवलं होतं असं नाही, फक्त माहिती घरातल्या घरात फिरली, जशी आपल्याला आता "आपापसात फोनवर" फिरवायची आहे.

त्यातूनच १९७६ ला त्यांची गुप्त रिपोर्टिंगची पद्धत उभी राहिली आणि तिची रचना बघण्यासारखी आहे. रिपोर्ट नियम लावणाऱ्या एफएएकडे, म्हणजे त्यांच्या डीजीसीएकडे, जात नाही, नासाकडे जातो, कारण ज्याच्या हातात लायसन्स आहे त्याला कुणी मोकळेपणाने सांगणार नाही हे त्यांनी आधीच ओळखलं. फॉर्मवर नाव-पत्त्याची जी पट्टी असते ती फाडून, शिक्का मारून ज्याची त्याला परत पाठवतात. मागे उरतं ते फक्त काय झालं. हे इतकं सोपं आहे की आपल्या मंडळालाही जमेल.

तुम्ही म्हणाल ती एअरलाइन, आपण हौशी. बरं, हौशींचंच घेऊ.

अमेरिकन विमान डिझायनर बर्ट रुटानचं नाव आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे, त्याच्या व्हॅरीझ आणि लाँग-ईझी विमानांची पोस्टर हँगरमध्ये लावलेली आहेत. तो प्लॅन विकायचा आणि लोक घरी बांधायचे. सत्तरच्या दशकात इंटरनेट नव्हतं, तर त्याने बांधणाऱ्यांसाठी पोस्टाने एक छापील पत्रिका काढली. त्यात कुणाचं काय मोडलं ते यायचंच, पण प्रत्येक बदलाला एक दर्जा दिलेला असायचा. आधी जमिनीवर ठेवा, हे केल्याशिवाय उडू नका. मग, एवढ्या तासांच्या आत करा. मग, केलेलं बरं. मग, हौस असेल तर करा. साधी छपाईची चूक असेल तर तीही वेगळी. वाचणाऱ्याला क्षणात कळतं आज हँगरमध्ये पळायचं की रविवारी बघू. आपल्या वहीत हेच नव्हतं, हे मी मान्य करते, आपल्या वहीत फुटलेली चीर आणि उडालेला रंग एकाच पानावर एकाच शाईत असायचे. म्हणून वही सुधारा म्हणा ना. बंद कशाला?

दुसरं उदाहरण व्हॅन्स ह्या अमेरिकन किट कंपनीच्या आरव्ही विमानांचं. त्यात नावापुढे ए लागलेली मॉडेलं पुढे चाकवाली. त्यांचा पुढचा पाय म्हणजे एक बारीक स्टीलचा दांडा, खाली फोर्क, फोर्कात चाक. अपघात वाढायला लागले, पाय मागे दुमडायचा आणि विमान उलटं व्हायचं. प्रत्येक मालकाला आधी वाटायचं माझंच लँडिंग चुकलं. अमेरिकेत अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबीने ही प्रकरणं एकत्र घेऊन अभ्यास केला तेव्हा दिसलं की नुसती पायाची ताकद हा प्रश्न नाही, मऊ किंवा खडबडीत जमिनीत फोर्कचं खालचं टोक, अॅक्सलच्या नटपाशी, मातीला लागतं आणि तिथून पुढचं सगळं सुरू होतं. कंपनीने २००७ मध्ये सर्व्हिस बुलेटिन काढून जमिनीपासून जास्त उंच राहणारा फोर्क दिला. एकेकट्या मालकाला हे आयुष्यभर कळलं नसतं. आणि मंडळी, हे वाचताना आपली पट्टी डोळ्यासमोर आणा, काळ्या मातीच्या कडा, मुरूम पसरलेला मधला भाग, गुडघ्याएवढं गवत.

इथे जरा थांबते, कारण माळव्याच्या मातीसाठी वेगळी वही लागते असं माझं मत आहे. परदेशातल्या किटवाल्याला आपली काळी माती माहीत नाही. पावसाळ्यात ती व्हील पँटच्या, म्हणजे चाकावरच्या फायबरच्या आवरणाच्या, आत जाऊन बसते, वाळली की सिमेंट, मग टायर आणि फायबरमध्ये बोटभर जी फट ठेवलीय ती राहतच नाही आणि चाक जाम होऊ शकतं. उन्हाळ्यात तीच माती फाटते, पट्टीच्या कडेला इतक्या रुंद भेगा पडतात की छोटं नोजव्हील त्यात सहज उतरेल. कोण पावसाळ्यात व्हील पँट काढून उडतं, कोण नाही, कुणाचा टायर कुठल्या प्रेशरला बरा चालतो, हे आपल्या चार-दोन सभासदांना नक्की माहीत आहे, पण त्यांच्या डोक्यात. त्यांच्या डोक्यालाही कुलूप लावायचा ठराव करणार का?

अजून काही गोष्टी, ज्या मी गेल्या काही वर्षांत हँगरमध्ये स्वतः पाहिल्या आणि वहीत असायला हव्या होत्या.

क्रोमचं वेड. एका विमानाचे मुख्य पाय चकाचक क्रोम प्लेटिंग करून आणलेले पाहिले, बुलेटच्या सायलेन्सरसारखे, सगळे कौतुक करत होते. गिअरचा पाय जास्त ताकदीच्या स्टीलचा असतो. त्यावर प्लेटिंग करताना हायड्रोजन धातूत शिरतो, आणि लगेच १९० अंशांच्या आसपास काही तास भाजून तो बाहेर काढला नाही तर पाय ठिसूळ होतो, बाहेरून काही दिसत नाही, एक दिवस वजन घेता घेता तडकतो. आपल्याकडच्या सायकल-मोटारसायकलचं काम करणाऱ्या प्लेटिंगवाल्याला हे भाजायचं सांगितलं होतं का कुणी? मी विचारलं होतं. उत्तर मिळालं नाही.

ब्रेकचं तेल. विमानाच्या ज्या ब्रेकला लाल रंगाचं ५६०६ मिनरल तेल सांगितलंय त्यात गाडीचं डॉट थ्री टाकलं की आतले रबरी सील फुगतात, मऊ होतात, गळायला लागतात. दुकानात लाल तेल मिळत नाही, डॉट थ्री कुठेही मिळतं, म्हणून मोह होतो. आणि ज्यांचं नोजव्हील मोकळं फिरणारं आहे, म्हणजे जमिनीवर वळायचं ते डाव्या-उजव्या ब्रेकवरच, त्यांचा एक ब्रेक गेला म्हणजे हळू स्पीडला स्टीअरिंगच गेलं.

फायबरच्या पायांना उष्णता चालत नाही, सारखा ब्रेक धरून टॅक्सी केली की डिस्कची धग इपॉक्सीपर्यंत पोचते. ज्यांच्या पुढच्या पायाला धक्का झेलायला बंजी, म्हणजे रबरी दोर, आहे त्यांनी रबर किती जुनं झालंय ते बघा, आपल्या उन्हात रबर लवकर मरतं. टेलड्रॅगरवाल्यांपैकी, म्हणजे ज्यांचं छोटं चाक शेपटीला असतं त्यांच्यापैकी, ज्यांचे पाय इंजिन माउंटमध्ये, म्हणजे इंजिन धरणाऱ्या नळ्यांच्या सांगाड्यात, बसवलेले आहेत त्यांनी एखादं लँडिंग आपटलं की चाकं बघून समाधान मानू नये, काउल, म्हणजे इंजिनवरचं झाकण, काढून माउंटच्या नळ्यांची वेल्डिंग बघावी, धक्का तिथे जातो. नोजव्हील थरथरत असेल तर टायर बॅलन्स, प्रेशर आणि फोर्क फिरायला लागणारा जोर, हे तिन्ही तपासा, तो जोर स्प्रिंग बॅलन्स, म्हणजे स्प्रिंगचा वजनकाटा, लावून ओढून मोजता येतो आणि किती हवा ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. नवीन विमानात पहिल्या काही तासांनंतर तो ढिला पडतो.

आता ह्यातलं बरंच तुम्हाला माहीत असेल. माझं म्हणणंच ते आहे. प्रत्येकाला थोडं थोडं माहीत आहे.

आपल्या लोकांना घरच्या विमानाचं कौतुक फार, कांदिवलीच्या गच्चीवर अमोल यादवांनी विमान बांधलं, २०१६ ला मुंबईत मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात लोकांनी रांग लावून पाहिलं, नोंदणी मिळायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला, ही गोष्ट आपल्या प्रत्येक स्नेहभोजनात होते आणि व्हायलाच हवी. पण त्या गप्पांत सगळं पंख, इंजिन आणि परवानग्या. चाकांबद्दल कोणी बोलत नाही. अमेरिकेत ऑशकॉशच्या ज्या विमानतळावर दरवर्षी होमबिल्टवाल्यांचा, म्हणजे घरी विमान बांधणाऱ्यांचा, मेळा भरतो तो ज्याच्या नावाने आहे तो स्टीव्ह विटमन, त्याने स्प्रिंग स्टीलच्या पट्टीचा साधा पाय काढला आणि सेसनाने त्याचे हक्क घेऊन १९४६ पासून आपल्या छोट्या विमानांना तो लावला. गॅरेजवाल्याने शोधलेलं कारखान्याने उचललं! गिअर हा काही दुय्यम विषय नाही हो.

पिथमपूरची असल्यामुळे एक गोष्ट राहवत नाही. गाडीत खोट निघाली तर परत बोलावण्यासाठी आता कायदा आहे, मोटर वाहन कायद्यात २०१९ ला दुरुस्ती झाली, ११० ए कलम आलं, आणि १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू आहेत. स्कूटरवाल्याच्या मागे ही व्यवस्था उभी आहे. आपल्या मागे? घरी बांधलेल्या विमानाचा कारखानदार कोण, तर बांधणाराच. आमच्या विमानाला परत कोण बोलावणार, आमचे हे? आपल्यासाठी ती वही हाच रिकॉल होता, आणि तुम्ही तो हात वर करून रद्द केलात.

गणपतीची वर्गणी किती जमली आणि मांडववाल्याला किती गेले ते आपण पाच रुपयांपर्यंत बोर्डावर लावतो, कारण पैसा सगळ्यांचा. इथे तर पट्टी एक, हवा एक, आणि कधी कधी शेजारच्या सीटवर दुसऱ्याचं पोर बसलेलं असतं.

मागण्या लिहिते, ह्या लेखी समजाव्यात.

ठराव मागे घ्या. त्यासाठी पुढच्या वार्षिक सभेची वाट बघायची गरज नाही, विशेष बैठक बोलवा, दसऱ्याच्या आत. पावसाळा संपला की सगळे उडायला लागतात आणि ते सगळे न तपासलेल्या पायांवर उडतील.

बंद होण्याआधीच्या वहीच्या सगळ्या पानांचे फोटो काढून प्रत्येक सभासदाला द्या, मालकाचं नाव आणि विमानाचा नंबर झाकून. आमच्याबद्दल जे असेल ते झाकू नका, आमची हरकत नाही.

नवी वही कार्यकारिणीकडे नको. ज्याला विमान विकायचं नाही, घ्यायचं नाही, किटची एजन्सी नाही अशा कुणाकडे तरी द्या, रिटायर्ड एएमई, म्हणजे विमान देखभालीचा लायसन्सवाला इंजिनिअर, मिळेल, नाहीतर इथल्या जीएसआयटीएस इंजिनिअरिंग कॉलेजचे मेकॅनिकलचे कुणी सर तयार होतील, मी विचारायला जायला तयार आहे. त्यांनी नाव काढून टाकायचं, नोंद ठेवायची. माझ्याकडे नको, मी आता एका प्रकरणात पार्टी आहे.

नोंदीत एवढं असावंच: किट कुठलं, एकूण किती तास आणि अंदाजे किती लँडिंग, पट्टी डांबरी की मातीची, टायर प्रेशर, पायावर नंतर केलेली कामं म्हणजे प्लेटिंग, वेल्डिंग, पाडलेली भोकं, आणि फोटो, त्यात स्केल ठेवून. "नोजगिअर प्रॉब्लेम" एवढंच लिहिलेली नोंद काही कामाची नाही.

दर्जा द्या. उडू नका, इतक्या तासांत बघा, सवडीने बघा. पहिल्या दर्जाची नोंद त्याच दिवशी त्या किटच्या प्रत्येक मालकाला गेली पाहिजे, फोन करून आणि लेखीसुद्धा, फोन उचलला नाही म्हणून सुटका नाही.

एकाच जागी दुसऱ्यांदा काही सापडलं तर किट बनवणाऱ्याला मंडळाच्या लेटरहेडवर कळवा. एकट्या मालकाच्या मेलला काय उत्तर येतं ते आम्ही अनुभवतोय.

विमान विकताना गिअरचा इतिहास घेणाऱ्याला देणं सभासदत्वाच्या अटीत टाका.

आणि मंडळाच्या पैशातून एक डीपी टेस्टचं किट, एक चांगला टायर गेज, एक स्प्रिंग बॅलन्स घ्या आणि हँगरमध्ये ठेवा. स्नेहभोजनाच्या एका बिलापेक्षा कमी पडेल. डीपी कशी करायची ते मी कुठल्याही रविवारी शिकवते, साफ करायचं, लाल मारायचं, थांबायचं, पुसायचं, पांढरं मारायचं आणि बघायचं, अर्ध्या तासाचं काम आहे. रंग खरवडायला मात्र वायरब्रश जोरात घासू नका, चीर दाबली जाऊन बुजते, रंग केमिकलने काढा.

ज्यांच्याकडे आमच्यासारखंच किट आहे त्यांनी बैठकीची, ठरावाची, कशाची वाट बघू नका. पुढच्या पायाचं फेअरिंग काढा, वरच्या बेंडजवळ जिथे गसेट वेल्ड केलंय तिथे, मागच्या बाजूला, डीपी करा, आणि ते होईपर्यंत उडू नका. तुटलेला पाय सुदामा नगरला आमच्या घरी आहे, तेल लावून ठेवलाय म्हणजे तोंड अजून गंजणार नाही, कुणीही येऊन बघा, भिंग आहे माझ्याकडे. वडोदरा आणि उज्जैनच्या सभासदांना यायला जमत नसेल तर फोटो पाठवते, झूम केलेले.

सचिवसाहेब, उत्तर फोनवर नको. लेखी द्या आणि सगळ्या सभासदांना द्या. कपाटाची चावी कुणाकडे आहे तेही त्यात लिहा.

आपली,
एक सहमालक
सुदामा नगर, इंदूर